सोयाबीन, हृदय आणि हाडे : एक जमाखर्च

आपल्या रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात ताळेबंदाच्या आधी एक आरोग्यविषयक लेख देण्याचा प्रघात आहे. आजवर हे लेख आपल्या सन्माननीय डॉक्टरांनी लिहिले. यंदा विश्वस्त मंडळाने हे काम माझ्याकडे सोपविले. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर असून प्रशासन आणि हिशेब हे माझे क्षेत्र आहे. वैद्यकीय बाबींत अधिकारवाणीने बोलण्याचा माझा दावा नाही. लेखातील वैद्यकीय मजकूर आपल्याच डॉक्टरांनी तपासून दिलेला आहे. आकडेमोड मात्र माझी असून तीत काही उणे-अधिक आढळल्यास त्याची जबाबदारीही माझी.

सोयाबीन हा विषय सुचण्यास एक प्रसंग कारण झाला. फुलंब्री तालुक्यातील एक सेवानिवृत्त गुरुजी छातीत कळा येऊ लागल्याने रात्री आपल्याकडे दाखल झाले. त्यांच्या चिरंजिवांनी औषधांची पिशवी परिचारिकांच्या स्वाधीन केली, तीत सोया प्रथिनाच्या भुकटीचा एक मोठा डबा निघाला. डॉक्टरांनी पूर्वी लिहून दिलेली कोलेस्टेरॉलची गोळी गुरुजींनी चार महिन्यांपूर्वी स्वतःच बंद केली होती. अँजिओप्लास्टी यथास्थित पार पडली. तिसऱ्या दिवशी देयकासंबंधी बोलण्यास मी त्यांच्या खाटेशी गेलो, तेव्हा सहज डब्याचा विषय काढला. ते म्हणाले, “साहेब, डब्यावर हृदयाचं चित्र आहे. रोज पंचवीस ग्रॅम घेतलं की कोलेस्टेरॉल उतरतं, असं दुकानात सांगितलं. मग गोळीचा खर्च कशाला, म्हटलं.” या गुरुजींच्या स्वतःच्या शेतात चार एकर सोयाबीन असते. घरात खाता का, असे विचारले असता ते हसले. “ते विकायचं पीक, साहेब. ते घरात कोण खातं?”

गुरुजींनी सांगितलेला पंचवीस ग्रॅमचा आकडा दुकानदाराने मनाने रचलेला नव्हता. त्याला इतिहास आहे, आणि त्या इतिहासाचा उत्तरार्ध डब्यावर छापलेला नसतो.

सन १९९५ मध्ये अमेरिकेतील केंटकी विद्यापीठाचे डॉ. जेम्स अँडरसन व त्यांचे सहकारी यांनी तोवर झालेल्या ३८ चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र करून ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या नियतकालिकात प्रसिद्ध केले. प्राणिज प्रथिनांऐवजी सोया प्रथिने घेणाऱ्यांच्या रक्तातील एलडीएल, म्हणजे रक्तवाहिन्यांत साचणारे अपायकारक कोलेस्टेरॉल, सुमारे १३ टक्क्यांनी उतरल्याचे त्यांत दिसले. हा आकडा लहान नव्हे. त्यानंतर १९९९ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने खाद्यपदार्थांच्या वेष्टनावर विधान छापण्यास अनुमती दिली, ती अशी की, संपृक्त स्निग्धांश व कोलेस्टेरॉल कमी असलेल्या आहाराचा भाग म्हणून दररोज २५ ग्रॅम सोया प्रथिने घेतल्यास हृदयविकाराचा धोका कमी होऊ शकतो. विधानातील ‘आहाराचा भाग म्हणून’ हे शब्द वाटेत कोठेतरी गळाले आणि पंचवीस ग्रॅम तेवढे जगभर फिरत राहिले.

पुढे अधिक काटेकोर चाचण्या झाल्या. सन २००६ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने २२ चाचण्यांचा आढावा घेतला. तीत दररोज सरासरी ५० ग्रॅम, म्हणजे दिवसाच्या एकूण प्रथिनांपैकी जवळजवळ निम्मी प्रथिने सोयाबीनची घेऊनही एलडीएल सुमारे ३ टक्केच कमी झाल्याचे आढळले. २०१७ मध्ये अमेरिकेच्या त्याच प्रशासनाने पुरावा पुरेसा सुसंगत नाही असे नमूद करून १९९९ चे विधान मागे घेण्याचा प्रस्ताव मांडला. त्यावर २०१९ मध्ये, प्रशासनाने विचारात घेतलेल्या ४६ चाचण्यांची पुन्हा बेरीज करण्यात आली व एलडीएलमधील घट ३ ते ४ टक्क्यांच्या दरम्यान असल्याचे दिसले. म्हणजे लाभ शून्य नाही, तो खरा आहे, पण लहान आहे.

टक्केवारीने सर्वसामान्य वाचकाला अंदाज येत नाही, म्हणून उदाहरण घेऊ. एखाद्याचे एलडीएल १६० असेल तर १३ टक्के घटीने ते १३९ वर येईल, ३ टक्क्यांनी १५५ वर. कोलेस्टेरॉलसाठी दिल्या जाणाऱ्या स्टॅटिन वर्गातील गोळीने हीच घट मात्रेनुसार ३० ते ५० टक्के होऊ शकते. गुरुजींनी गोळी सोडून डबा धरला तेव्हा त्यांनी कोणत्या रकमेच्या बदल्यात कोणती रक्कम स्वीकारली हे यावरून ध्यानात यावे. शिवाय हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या वा धमनीत अडथळा असलेल्या रुग्णास ही गोळी केवळ रक्ततपासणीतील आकडा उतरविण्यासाठी दिली जात नाही, तर धमनीतील साका स्थिर ठेवण्याचे कामही ती करते. सोयाबीनकडून ती अपेक्षा ठेवता येत नाही.

आता ही लहानशी घट तरी कशाने होते? यकृताच्या पेशींवर रक्तातील एलडीएल उचलून घेणारे ग्राहक असतात. सोया प्रथिनांच्या पचनातून निर्माण होणाऱ्या काही घटकांमुळे त्यांचे काम वाढते, असे मानले जाते. परंतु दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. ते म्हणजे सोयाबीन ताटात आले की ताटातून काय जाते, हे. पाश्चात्त्य ताटातून मांस व सायीचे दूध गेले की त्यांसोबत संपृक्त स्निग्धांशही जातो. आपल्याकडे भाजी-भाकरी खाणाऱ्या घरात तुरीच्या वरणाऐवजी सोयाबीन आणले, तर मुळात घालवण्यासारखे काही गेलेच नाही. तेथे तेवढ्या लाभाची अपेक्षा करणे म्हणजे विक्री न करताच नफ्याची नोंद करण्यासारखे होय. याउलट आठवड्यातून दोनदा मटण होणाऱ्या घरात एका वेळेला सोयावडीचा रस्सा झाला, तर तो बदल हृदयाच्या खाती निश्चित जमा होतो. ठेल्यावरील तळलेली सोया चिली मात्र यात धरू नये. तीत सोयाबीनपेक्षा तेल आणि मीठच अधिक असते.

याच संदर्भात टोरांटो विद्यापीठातील डॉ. डेव्हिड जेंकिन्स यांचा प्रयोग वाणिज्याच्या माणसाला विशेष भावणारा आहे. त्यांनी आपल्या आहारपद्धतीला नावच ‘पोर्टफोलिओ’ असे दिले. ज्याप्रमाणे गुंतवणूकदार आपली सारी रक्कम एकाच समभागात घालीत नाही, त्याप्रमाणे त्यांनी सोया प्रथिने, ओट-सातू-इसबगोल यांसारखे चिकट तंतूंचे पदार्थ, बदाम आणि वनस्पतिजन्य स्टेरॉल अशा चार घटकांत विभागणी केली. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत महिनाभरात एलडीएल २८.६ टक्के उतरले, तर स्टॅटिन घेणाऱ्या गटात ३०.९ टक्के. मात्र तेव्हा सहभागी ४६ जणांना आहार मोजून-मापून पुरविलेला होता. २०११ मध्ये हाच प्रयोग ३५१ जणांना केवळ सल्ला देऊन, ज्याच्या-त्याच्या घरच्या स्वयंपाकावर सोडून केला, तेव्हा सहा महिन्यांअखेर घट १३ टक्क्यांच्या आसपास राहिली. घरचा स्वयंपाक हा प्रयोगशाळेसारखा चालत नाही, हे आपल्या गृहिणींना सांगावयास नको.

येथे थोडे विषयांतर करतो, कारण ज्या मातीत हे पीक उभे आहे तिचा विचार केल्यावाचून हा हिशेब पुरा होत नाही. महाराष्ट्रातील जनतेच्या ताटात सोयाबीन आणण्याचा एक लक्षणीय प्रयत्न वर्ध्याच्या मगनवाडीत झाला. १९३५ मध्ये महात्मा गांधींनी तेथील भोजनात सोयाबीनचा प्रयोग करून पाहिला आणि ‘हरिजन’ साप्ताहिकातून त्याविषयी लिहिले. गरिबाला स्वस्तात सकस अन्न मिळावे, हा त्यामागील हेतू होता. पुढे १९६० च्या दशकात अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या सहकार्याने पंतनगर व जबलपूर येथील कृषी विद्यापीठांतून पिवळ्या सोयाबीनची लागवड देशात रुजली. परभणीच्या आपल्या मराठवाडा कृषी विद्यापीठाने एमएयूएस-७१, एमएयूएस-१५८, एमएयूएस-१६२ यांसारखे वाण दिले. आज महाराष्ट्रात चाळीस लाख हेक्टरांहून अधिक क्षेत्र सोयाबीनखाली असते आणि त्याचा फार मोठा वाटा मराठवाडा व विदर्भ उचलतात. एकेकाळी याच शेतांतून खरिपाची ज्वारी, मूग, उडीद निघत, आणि त्यांतले काही तरी घरात राहत असे. सोयाबीन मात्र काढणीनंतर सरळ बाजार समितीत जाते. तेथून तेलगिरणीत जाते. तेल आपल्या कढईत येते आणि प्रथिनांनी भरलेली पेंड कोंबड्यांच्या व जनावरांच्या खाद्यात किंवा परदेशी जाते. अनेकांचा समज असतो की सोयाबीनचे तेल वापरले म्हणजे सोयाबीनची प्रथिने मिळाली. तेलात प्रथिने नसतात. ती सारी पेंडीत राहतात.

गुलमंडीवर माझे बालपण गेले. जुन्या मोंढ्यातील आडत्यांच्या बैठकीवर भावाच्या गोष्टी ऐकतच मी हिशेब शिकलो, त्यामुळे पुढील कोष्टक मांडल्यावाचून मला राहवत नाही. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये, तुरीचा ८,००० रुपये आणि हरभऱ्याचा ५,६५० रुपये जाहीर झाला. सोयाबीनमध्ये प्रथिने सुमारे ३८ टक्के, तुरीत २२ टक्के, हरभऱ्यात २० टक्क्यांच्या आसपास धरली, तर २५ ग्रॅम प्रथिनांची किंमत सोयाबीनमधून सुमारे साडेतीन रुपये, हरभऱ्यातून सात रुपये आणि तुरीतून नऊ रुपये पडते. यात दळण, डाळ करण्याचा खर्च, वाहतूक आणि दुकानदाराचा नफा धरलेला नाही. तरीही प्रमाण स्पष्ट आहे. शेतकऱ्याच्या हाती पडलेला भाव तर बरेचदा हमीभावाच्याही खाली राहिला. तेच प्रथिन शुद्ध करून, डब्यात भरून, हृदयाचे चित्र लावून परत येते तेव्हा शेतकरी गुरुजी त्यासाठी हजारांच्या घरात पैसे मोजतात.

आता हाडांकडे वळू. येथे गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे आणि आपल्या भागातील भगिनींच्या दृष्टीने अधिक गंभीरही.

हाड म्हणजे एकदा बांधून झालेली भिंत नव्हे. त्यातून रोज थोडे झिजते व रोज थोडे भरले जाते. स्त्रीच्या शरीरातील इस्ट्रोजेन हे संप्रेरक ही झीज आवरून धरते. रजोनिवृत्तीनंतर ते घटते आणि पुढील काही वर्षे हाडांतून काढलेली रक्कम भरण्यापेक्षा अधिक होते. भारतीय स्त्रियांमध्ये रजोनिवृत्ती साधारणतः सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या सुमारास, म्हणजे पाश्चात्त्य स्त्रियांपेक्षा काही वर्षे आधी येते. ज्यांच्या गर्भाशयासोबत अंडाशयेही शस्त्रक्रियेने काढली जातात, त्यांच्या बाबतीत तर ती एका दिवसात येते. केवळ गर्भाशय काढले तरीही ती अलीकडे ओढली जाण्याचा संभव असतो. २०१९ मध्ये शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या ८२,३०९ स्त्रियांची पाहणी झाली, तीत १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली असल्याचे विधान परिषदेच्या तत्कालीन उपसभापती डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसमोर आले. त्यांतील अनेकजणी चाळिशीही न गाठलेल्या होत्या. त्यांच्या पाठीच्या आणि कमरेच्या दुखण्याकडे केवळ मोळीच्या ओझ्याचा परिणाम म्हणून पाहून चालणार नाही.

सोयाबीनमध्ये जेनिस्टीन, डेडझीन आदी आयसोफ्लेव्होन असतात. त्यांची रचना इस्ट्रोजेनशी काहीशी मिळतीजुळती असल्याने, इस्ट्रोजेनची उणीव सोयाबीन भरून काढील अशी आशा निर्माण झाली. तिला आधारही मिळाला. चीनमधील शांघाय शहरात रजोनिवृत्ती झालेल्या २४ हजारांहून अधिक स्त्रियांचा सुमारे साडेचार वर्षे मागोवा घेण्यात आला. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सर्वाधिक सोया प्रथिने खाणाऱ्या स्त्रियांत अस्थिभंगाचे प्रमाण सर्वांत कमी खाणाऱ्यांपेक्षा सुमारे ३७ टक्क्यांनी कमी आढळले. परंतु या स्त्रिया लहानपणापासून रोजच्या जेवणात सोयाबीन खात आलेल्या होत्या. शिवाय अशी पाहणी दोन गोष्टी सोबत चालतात एवढे दाखविते. एकीमुळे दुसरी होते हे ती सिद्ध करीत नाही.

सिद्धतेसाठी चाचणी लागते. ती अमेरिकेतील मायामी येथे झाली. रजोनिवृत्ती होऊन पाच वर्षे न झालेल्या २४८ स्त्रियांपैकी निम्म्या जणींना रोज २०० मिलिग्रॅम आयसोफ्लेव्होनच्या गोळ्या आणि उरलेल्यांना औषध नसलेल्या गोळ्या दोन वर्षे दिल्या. २०११ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. दोन्ही गटांत मणक्याच्या हाडांची झीज सारखीच झाली. गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांत अंगातून वाफा निघण्याचा त्रास उलट अधिक दिसला. इतर काही चाचण्यांत मांडीच्या हाडाच्या मानेपाशी किंचित लाभ आढळला, पण कोणाला ‘हाडे मजबूत होतील’ असे आश्वासन देण्याइतका तो नाही.

आपल्या बाह्यरुग्ण विभागात आलेल्या एका ताईंच्या हातात अशाच गोळ्यांची पट्टी होती. वय एकोणचाळीस, अंडाशयांसह गर्भाशयाची शस्त्रक्रिया सहा वर्षांपूर्वी झालेली. पट्टीची किंमत त्यांच्या घरातील दोन दिवसांच्या मजुरीएवढी होती. डॉक्टरांनी पट्टी थांबविली, हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी करविली, कॅल्शियम व ‘ड’ जीवनसत्त्व सुरू केले आणि पुढील औषधांचा निर्णय तपासणीवर ठेवला. इतक्या लवकर इस्ट्रोजेन गेलेल्या स्त्रीस कोणते संप्रेरक वा औषध द्यावे हे स्त्रीरोगतज्ज्ञांनी ठरवावयाचे असते. सोयाबीन त्याची जागा घेत नाही.

मग हाडांच्या बाबतीत सोयाबीनचा उपयोग काहीच नाही काय? आहे, पण अन्न म्हणून. हाडाचा सांगाडा प्रथिनांचा असतो आणि त्यावर कॅल्शियम बसते. पूर्वी अधिक प्रथिनांमुळे कॅल्शियम वाहून जाते अशी भीती होती, ती पुढे टिकली नाही. पुरेशी प्रथिने नसतील तर स्नायू ओसरतात, तोल जातो आणि माणूस पडतो. मांडीचे हाड मोडण्याचा प्रसंग बहुधा पडण्यातूनच येतो. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीस दर किलो वजनामागे दररोज ०.८३ ग्रॅम प्रथिने हवीत. म्हणजे साठ किलो वजनाच्या व्यक्तीस सुमारे ५० ग्रॅम. भाकरी, ठेचा आणि पातळ वरणावर दिवस काढणाऱ्या वृद्ध स्त्रीस तेवढी मिळणे कठीण. अशा घरात सोयाबीन दुसऱ्या कशाची जागा घेत नाही. ते रिकामी जागा भरते.

कॅल्शियमबाबत मात्र एक सावधगिरी हवी. त्याच शिफारशीत प्रौढांस रोज १,००० आणि रजोनिवृत्तीनंतर १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम सांगितले आहे. गाईच्या शंभर मिलिलिटर दुधातून सुमारे १२० मिलिग्रॅम मिळते. साध्या सोया दुधात, कॅल्शियम वेगळे मिसळलेले नसेल तर, त्याच्या पाव भागाइतकेच असते. तेव्हा हाडांसाठी म्हणून दूध सोडून सोया दूध घेणे हा आतबट्ट्याचा व्यवहार ठरतो. नाचणी आणि तीळ या आपल्या घरातील जिनसा त्यापेक्षा कितीतरी उजव्या आहेत. आणि ‘ड’ जीवनसत्त्वासाठी अंगावर ऊन हवे. गुलमंडीच्या बोळांतील उंच घरांत राहणाऱ्या भगिनींना आमचे डॉक्टर सकाळी गच्चीवर बसावयास सांगतात, ते यासाठीच.

सोयाबीन खाताना काही पथ्ये आहेत. कच्च्या दाण्यात ट्रिप्सिन या पाचकरसाला अडविणारा घटक असतो, म्हणून दाणा उकळल्यावाचून दळू नये. इंदूरच्या भारतीय सोयाबीन संशोधन संस्थेने हा त्रासदायक घटक काढून टाकलेला एनआरसी-१२७ हा वाणही दिला आहे. थायरॉइडची गोळी आणि सोयाबीन एकत्र घेऊ नये. दोहोंत किती अंतर ठेवावे हे डॉक्टरांस विचारावे. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी प्रथिनांचे प्रमाण परस्पर वाढवू नये. स्तनाच्या कर्करोगाचे उपचार चालू असलेल्यांनी आयसोफ्लेव्होनच्या गोळ्या डॉक्टरांच्या संमतीवाचून घेऊ नयेत. पुरुषांमधून दबक्या आवाजात विचारल्या जाणाऱ्या एका शंकेचेही उत्तर येथेच देतो. सोयाबीनमुळे पुरुषी संप्रेरक कमी होत असल्याचे एकत्रित अभ्यासांत आढळलेले नाही. निःशंक मनाने खावे.

आपल्या रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात सोयावडी आता ठरावीक वारी होते. सोयावडी तेल काढून घेतलेल्या पिठाची असल्याने तीत निम्मी प्रथिने असतात. पन्नास ग्रॅम कोरडी वडी भिजून मोठा वाडगाभर होते. वडी गरम पाण्यात भिजवून, दोनदा पिळून मग फोडणीस टाकली की तिचा वास जातो, ही युक्ती आमच्या स्वयंपाकीण मावशींची.

गुरुजी महिन्याभराने फेरतपासणीसाठी आले, तेव्हा चिरंजिवांच्या खांद्यावर घरच्या सोयाबीनची पाच किलोची पिशवी होती. गोळी रोज रात्री घेतो, असे त्यांनी डॉक्टरांना सांगितले. मग मावशींकडे जाऊन त्यांनी पिठाचे प्रमाण विचारले. नऊ किलो गव्हाला एक किलो सोयाबीन. दाणे निवडून उकळत्या पाण्यात वीस-पंचवीस मिनिटे ठेवायचे, निथळून कडक उन्हात वाळवायचे, मग गव्हात मिसळून दळायचे. आणि पीठ खवट होते म्हणून पंधरा दिवसांपुरतेच दळून आणायचे. गुरुजींनी हे सारे देयकाच्या पाठीमागे सुवाच्य अक्षरांत उतरवून घेतले आणि मला विचारले, “साहेब, ज्वारीत चालेल का?” मावशींनीच उत्तर दिले, “चालतं की, गुरुजी. भाकरी थापताना पाणी जरा कोमट घ्यायचं.”

– प्रशासक